या, आमची गल्ली बघायला

महालक्ष्म्या आठ-दहा दिवसांवर आल्या आहेत. मुखवटे घासणं, साड्या काढणं सुरू झालं असेल, आणि सोळा भाज्या कुठून जमवायच्या ही काळजीही लागली असेल. आम्हाला आज जे सांगायचं आहे ते या सोळा भाज्यांपासूनच सुरू झालं.

काही वर्षांपूर्वी आम्ही पाच-सहा जणी महालक्ष्म्यांच्या दर्शनाला घरोघर फिरत होतो. एका घरी ताटात धोप्याच्या पानांच्या वड्या होत्या. पानं कुठून आणली असं विचारलं, तर घरच्या आजी म्हणाल्या, "इकत कायले आनू? मांगं न्हानीच्या पान्यावर हाये ना धोपा. चाला, दाखवतो." आम्ही त्यांच्या मागं गेलो. न्हाणीपासून कंपाउंडच्या भिंतीपर्यंत धोपा माजलेला, बाजूला वालाचा वेल, फुटक्या रांजणात सांबार, तेलाच्या डब्यात अंबाडी. आम्ही इतकी वर्षं शेजारी राहत होतो आणि आमच्यातल्या एकीनंही ते बघितलं नव्हतं. त्या दिवशी पुढच्या प्रत्येक घरी आम्ही महालक्ष्म्यांना हात जोडले आणि लगेच विचारलं, तुमच्या मागं काय लावलंय?

ती आमची पहिली बागफेरी. नाव नंतर दिलं.

बागफेरी म्हणजे ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी दहा-पंधरा जणींनी मिळून वस्तीतल्या चार-पाच बागा पायी फिरून बघायच्या, आणि शेवटी सगळ्यांच्या मालकीची एखादी मोकळी जागा असेल तर तिथं जाऊन थांबायचं. बाग म्हणजे बंगल्याची हिरवळ डोळ्यांपुढे आणू नका. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, फुटके माठ, गच्चीवरचे ड्रम, इतकंच.

यानं वस्ती कशी सुधारते, असं आम्हाला विचारतात. झाडं लावल्यानं सुधारते हे सगळ्यांना पटतं. नुसतं बघायला गेल्यानं काय होतं? आमचा अनुभव असा की झाडं एकटीदुकटीही लावते, पण वस्ती हलते ती कुणी बघायला येणार म्हटल्यावर. त्या धोप्यावाल्या आजींनी एका वाक्यात सांगितलं होतं, "पाव्हने येनार म्हनल्यावर सडा तं टाकाच लागते."

आमच्या गल्लीची नाली वर्षभर तुंबलेली असायची. एकेकीनं तक्रार करून झाली होती. फेरीची तारीख ठरली आणि ज्या पाच घरांवरून फेरी जाणार होती त्यांनी मिळून एकच अर्ज लिहिला, खाली पंधरा सह्या. नाली तारखेच्या आधी दोन दिवस निघाली. घंटागाडी येऊनही कोपऱ्यावर कचरा टाकणाऱ्या घरांना कुणी काही बोललं नाही, तरी त्या आठवड्यात तो ढीग दिसला नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा दिसला, हेही सांगायला हवं. म्हणून फेरी एकदाच करून भागत नाही. आम्ही पावसाळा आणि हिवाळ्यात महिन्यातून एकदा करतो.

बागा लोकांना बघायला उघडायच्या ही कल्पना काही आमची नाही. इंग्लंडमध्ये १९२७ साली ६०९ घरमालकांनी आपापल्या बागा लोकांसाठी उघडल्या आणि माणशी एक शिलिंग घेतला. एल्सी वॅग नावाच्या बाईंनी ते सुचवलं होतं. पैसा हवा होता घरोघरी जाऊन आजाऱ्यांची सेवा करणाऱ्या परिचारिकांसाठी. आपल्या आशाताई जशा दारोदार फिरतात तशाच त्या फिरायच्या, पगाराची नीट सोय नव्हती. पहिल्याच वर्षी आठ हजार पौंडांहून जास्त रक्कम जमली, आणि ती रीत तिथं आजही चालू आहे. दुसऱ्याची बाग बघायची माणसाला हौस असते. ती हौस कुणाच्या तरी उपयोगी लावता येते, हे त्यांना कळलं होतं.

आपल्यालाही ते कळतं, फक्त आपण त्याला बागफेरी म्हणत नाही. भुलाबाईच्या महिन्यात भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली या घरून त्या घरी जातात, गाणी म्हणतात, आणि झाकलेल्या डब्यात काय खाऊ आहे ते ओळखतात. आम्ही तोच खेळ उचलला. फेरीत प्रत्येक घरी एक कुंडी कापडानं झाकलेली असते आणि नुसत्या वासावरून रोप ओळखायचं असतं. पुदिना, गवती चहा, ओवा सगळ्या ओळखतात. अंबाडीला वास नाही म्हणून एकीनं मुद्दाम ती ठेवली आणि सगळ्यांना फसवलं.

हळदीकुंकवाशी मात्र आम्ही ही फेरी जोडली नाही, आणि ते विचार करून केलं. आमच्या गल्लीतल्या सगळ्यात जुन्या जाणत्या बागवाल्या तिघी आहेत. तिघींचेही नवरे गेले. हळदीकुंकवाला त्या येत नाहीत, त्यांना बोलावण्याचं धाडसही सगळ्याजणी करत नाहीत. बागफेरीत कुणी कुंकू बघत नाही. उलट, शेवग्याची फांदी कोणत्या महिन्यात लावायची आणि वांग्यावरची कीड कशी मारायची हे विचारायला सगळ्या त्यांच्याभोवतीच उभ्या असतात.

दुसरा नियम, ओटा ओलांडायचा नाही. हा आम्ही चूक करून शिकलो. एका खोलीत भाड्यानं राहणारी एक मैत्रीण फेरीला नाव देत नव्हती. तिच्या दारातल्या आठ डब्यांइतकी मिरची गल्लीत कुणाकडे नव्हती. खोदून विचारल्यावर म्हणाली, "इतक्या जणी घरात आल्या तर बसवू कुठं?" तेव्हापासून फेरी अंगणात, दारात, गच्चीवर. घरात कुणी जात नाही, त्यामुळे घर आवरायचं नाही. चहा-फराळही नाही. सुरुवातीला एकीनं पोहे केले, दुसरीनं कचोरी, तिसरी म्हणाली माझा नंबर पुढच्या महिन्यात ठेवा, या महिन्यात हात तंग आहे. त्याच दिवशी ठरवलं, फक्त पाणी.

फेरीचा रस्ताही आम्ही मुद्दाम वाकडा ठेवतो. आमच्या गल्लीच्या मागं मोहल्ला आहे. मधे फक्त एक रस्ता, पण सण, लग्न, मयत सोडून तिकडे जाणं नव्हतं. तिथल्या एका खालांच्या दारात मेंदीची झुडपं आणि अर्ध्या कापलेल्या ड्रममध्ये पुदिना आहे. पुदिना दोन बोटं ठेवून कापायचा, उपटायचा नाही, हे त्यांनी दाखवलं. आज आमच्या सहा घरी त्यांचाच पुदिना आहे. आता रात्री त्या रस्त्यावरचा दिवा गेला की दोन्हीकडून फोन होतो. ओळख नसताना तो महिना-महिना बंदच राहायचा, कारण तो "त्यांचा" दिवा होता.

रोपं आणि बिया घरोघर जाणं ही फेरीची खरी कमाई. नगर जिल्ह्यात अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. त्यांना २०२० चा पद्मश्री जाहीर झाला. त्यांनी घरात जपलेलं गावरान बियाणं बघायला दुरून माणसं जातात, आणि बी लोकांपर्यंत पोचतं. आम्ही आपल्या परीनं फेरीच्या शेवटी कागदाच्या पुड्या वाटतो. पुडीवर बियाचं नाव, कुणाच्या घरचं ते, आणि कधी लावायचं. "कुणाच्या घरचं" हे लिहायला विसरू नका. ज्या बाईचं नाव घरच्या लाईट बिलावरही नसतं, तिचं नाव वालाच्या पुडीवर पन्नास घरी जातं.

आता त्या मोकळ्या जागेचं सांगतो. राज्यात २०२० साली जी एकत्रित विकास नियमावली आली तिच्यानुसार साधारण एकरभर किंवा त्याहून मोठ्या जमिनीचा ले-आउट पाडताना दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. जुन्या नियमांतही ही सक्ती होतीच. आपण तिला ओपन स्पेस म्हणतो. ती तिथं राहणाऱ्यांच्या वापरासाठी ठेवायची असते. प्लॉट विकताना नकाशात ती हिरवी दाखवतात. प्रत्यक्षात काय असतं ते तुम्हाला माहीत आहे. गाजरगवत, बांधकामाचा मलबा, डुकरं. आमच्याकडच्या ओपन स्पेसच्या एका कोपऱ्यात तर टिनाचं शेड उभं राहिलं होतं. कुणाचं, ते सगळ्यांना माहीत होतं आणि बोलत कुणीच नव्हतं.

आम्ही भांडायला गेलो नाही. माहितीच्या अधिकाराच्या २००५ च्या कायद्याखाली दहा रुपयांचं तिकीट लावून मंजूर ले-आउटच्या नकाशाची प्रत मागितली. ती मिळायला दोनदा अपील करावं लागलं आणि हेलपाटे किती झाले ते मोजले नाहीत. नकाशा हातात आल्यावर फेरीचा शेवटचा थांबा तिथं ठेवला. दर महिन्याला पंधरा बाया त्या जागेवर उभ्या राहून, "इथं कडुनिंब लावता येईल, इथं मुलांना खेळायला जागा," असं मोठ्यानं बोलू लागल्या. चौथ्या महिन्यात पुरुषही आले. शेडच्या मालकानं विचारलं, रोज रोज काय बघता? आम्ही म्हटलं, रोज नाही, महिन्यातून एकदा.

असं घडतं ते आपल्याकडेच घडतं असं नाही. न्यूयॉर्कमध्ये १९७३ साली लिझ क्रिस्टी नावाच्या बाई आणि त्यांच्या सोबत्यांनी कचऱ्यानं भरलेला एक कोपरा साफ करून तिथं भाज्या आणि फुलं लावली. पुढच्या वर्षी महापालिकेनं ती जागा त्यांना महिना एक डॉलर भाड्यानं दिली. त्या बागेच्या मागोमाग शहरभर शेकडो बागा झाल्या. पण १९९९ मध्ये त्याच शहराच्या महापौरांनी अशा शंभराहून जास्त बागांच्या जागा लिलावात काढायचं ठरवलं. लोक रस्त्यावर आले, गाजावाजा झाला, आणि शेवटी दोन संस्थांनी त्या जागा विकत घेऊन वाचवल्या. ज्या बागेत बाहेरचं कुणी पाऊल टाकलेलं नाही, तिच्यासाठी कोण रस्त्यावर येणार?

मुंबईत माटुंग्याच्या तुळपुळे उड्डाणपुलाखालची जागा अशीच होती. अतिक्रमण, गाड्या, नको ते धंदे. रहिवाशांनी पाठपुरावा केला, आणि २०१६ मध्ये तिथं नानालाल मेहता उद्यान उघडलं. पुलाखालची सुमारे सहाशे मीटरची लांबट पट्टी, आणि चालायची वाट नर्मदेच्या वळणांसारखी. मुंबईला गेलात तर बघा. माहीमचं महाराष्ट्र निसर्ग उद्यानही बघा. धारावीला लागून असलेली ती सुमारे ३७ एकर जागा पूर्वी शहराचा कचरा टाकायची होती. आता तिथं जंगल आहे आणि शाळेच्या सहली येतात. मुंबई बंदराच्या उपाहारगृहाच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्यावर भाज्या-फळं पिकवली. ती गच्ची बघून, तिथं हात मातीत घालून शिकलेल्यांनी पुढं आपापल्या गच्च्यांवर तेच केलं.

या सगळ्यात आम्हाला सगळ्यात जास्त पटलेली गोष्ट अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरातली आहे. तिथं संशोधकांनी ५४१ पडीक प्लॉट घेतले आणि त्यांचे तीन गट केले. काही जागी गवत, थोडी झाडं आणि बुटकं लाकडी कुंपण. काही जागी नुसता कचरा उचलला. काही तशाच सोडल्या. २०१८ मध्ये निष्कर्ष छापून आले. हिरव्या केलेल्या जागांजवळ राहणाऱ्यांमध्ये मन खचल्यासारखं वाटण्याचं प्रमाण, तशाच सोडलेल्या जागांच्या तुलनेत, सुमारे चाळीस टक्क्यांनी घटलं. नुसता कचरा उचलला तिथं मात्र तसा फरक दिसला नाही. कचरा उचलला की काम झालं असं आपल्या अधिकाऱ्यांना वाटतं, तेव्हा आम्ही हे सांगतो. कुंपण बुटकं का, तेही बघा. ही जागा कुणीतरी सांभाळतंय हे दिसावं, आणि आत जाता यावं.

आता पाण्याचं. ते सोडून आपल्या जिल्ह्यात बागेविषयी बोलणं म्हणजे थट्टाच. नळ किती दिवसांआड येतो ते तुमचं तुम्हाला माहीत. आमची पहिली उन्हाळी फेरी एप्रिलात ठेवली होती. ती फसली. पाच घरांपैकी तीन घरी वाळलेली खुंटं, आणि दाखवणाऱ्या बायांच्या डोळ्यांत पाणी. एकमेकींना कमीपणा आणला, दुसरं काही नाही. आता मार्च ते मे फेरी बंद. त्याऐवजी एकच दिवस, एकाच घरी, पाणी वाचवायचं काम बघायला जमतो.

त्यातलं सगळ्यात उपयोगी ठरलं ते मातीचं मडकं. न भाजलेलं नको आणि चकाकी दिलेलंही नको, आपला साधा झिरपणारा माठ. तो गळ्यापर्यंत जमिनीत पुरायचा, पाणी भरायचं, वर पणती झाकायची. आजूबाजूची माती कोरडी पडेल तसं पाणी झिरपत जातं, ओली असेल तेव्हा थांबतं. भोवती भोपळा, दोडकं, वांगं लावा. फुटलेला रांजण फेकू नका, पण तडा गेलेला माठ या कामाला नको, पाणी एकदम जातं. भाजी धुतलेलं पाणी कशालाही चालतं. साबणाचं पाणी केळीला, कर्दळीला घाला, पालेभाजीला नको.

घाटाखालच्या मैत्रिणींचा प्रश्न वेगळा. शेगाव, नांदुरा, जळगाव जामोद, संग्रामपूर या पूर्णेच्या खोऱ्यात खारपाणपट्टा आहे. बोअरचं पाणी घालत राहिलं की मातीवर पांढरा थर येतो आणि घेवड्यासारखी नाजूक भाजी आधी जळते. पालक त्यातल्या त्यात सोसतो, बीट तर चांगलंच सोसतं. बियांसाठी आणि कोवळ्या रोपांसाठी पत्र्यावरचं पावसाचं पाणी ड्रममध्ये साठवून ठेवा. तुमच्याकडे तर फेरी जास्तच गरजेची. कोणाच्या दारात काय जगलं आणि काय जळलं हे चार घरं फिरून जितकं कळतं तितकं पुस्तकात सापडत नाही. घाटावरच्या आम्ही तुम्हाला काय शिकवणार.

म्हणून आमच्या फेरीत घरवालीला एक प्रश्न हमखास असतो, काय मेलं? काय जगलं ते दिसतंच. मेलेल्याची गोष्ट सांगताना ती मोकळी होते आणि बाकीच्यांचे पैसे वाचतात.

आशाताईंनाही फेरीत घ्या. आमच्या ताई कुंडीखालच्या ताटल्या उचलून बघतात. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत उडतो, म्हणून ताटल्या आणि ड्रम आठवड्यातून एकदा कोरडे करायचे, ड्रमवर कापड बांधायचं. बाग वाढवून ताप आणला असं व्हायला नको.

एक गोष्ट आम्हाला अजून सुटलेली नाही, तीही सांगतो. गल्ली जरा नीट दिसायला लागली तसं भाडं वाढलं. त्या आठ डब्यांच्या मिरचीवाल्या मैत्रिणीला मालकानं सांगितलं, आता इथं बाग आहे, पाचशे वाढवा. तिनं खोली सोडली. डबे ऑटोत घालून घेऊन गेली, दोन फेऱ्या कराव्या लागल्या. गावाच्या दुसऱ्या टोकाला राहते. फेरीला येते, पण सकाळी सातला पोचायचं तर तिला साडेसहाला निघावं लागतं. मालकाला आम्ही चौघी जाऊन भेटलो. तो म्हणाला, बाग तुम्ही केली, घर माझं आहे. यावर आम्हाला उत्तर सुचलं नाही. तुमच्याकडे असं झालं असेल आणि काही मार्ग निघाला असेल, तर मासिकाच्या पत्त्यावर दोन ओळी जरूर लिहा.

मोकळ्या जागेत आज सात कडुनिंब, दोन शेवगे आणि एक बाक आहे. टिनाचं शेड अजून आहे, वाढलेलं मात्र नाही. जागेची मोजणी व्हावी म्हणून दिलेला अर्ज अजून कार्यालयात आहे.

यंदाची पहिली फेरी महालक्ष्म्या उठल्यानंतरच्या रविवारी, सकाळी सात ते नऊ. सुरुवात धोप्यावाल्या आजींच्या दारातून. येताना एक जुनी पिशवी आणा. त्यांचा धोपा यंदा फार माजलाय, गड्डे काढून वाटायचे आहेत.